आहेर सरांची बरणी

आमच्या सोसायटीतले आहेर सर माणसांच्या दोनच जाती मानतात : एकपेशीय आणि बहुपेशीय. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे अर्थातच बहुपेशीय. "एक नळ गळाला की बावीस फ्लॅट ओरडतात तुमच्या नावाने," सर म्हणतात. "अमीबाला मीटिंग नसते. खाणं, श्वास, चालणं, सगळं एकाच पेशीत. मीही तसाच. कुणावाचून अडत नाही."

लिफ्ट, पाण्याची टाकी आणि स्वतःचे गुडघे या तिघांनी मी पार दमलोय, त्यामुळे वाद घालत नाही. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. वहिनी वारल्यापासून चौथ्या मजल्यावर एकटेच असतात. गंगेवरून, म्हणजे आमच्या गावच्या नदीवरून, बाटलीभर पाणी आणायचं, त्यात वाळकं गवत भिजत घालायचं, बरणीला फडकं बांधायचं आणि चार दिवसांनी एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पॅरामेशियम बघत बसायचं, हा त्यांचा संसार. बरणीच्या वासाच्या तक्रारी मात्र माझ्याकडे.

परवा महापालिकेच्या एक ताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या. लिफ्ट बंद, त्यामुळे त्यांच्यामागे चार मजले चढणं आलं. त्यांनी फडकं सोडून बरणीवर टॉर्च मारला.

"काका, हे ओतावं लागंल. अळी हाय यात."

"ताई, यात फक्त एकपेशीय जीव आहेत. नुसत्या डोळ्यांनी दिसायचे नाहीत."

"मला तर दिसतीय. वळवळतीय बघा."

सरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. गंगेच्या पाण्याबरोबर एक बहुपेशीय प्राणी घरात शिरला होता. जन्मभर पोरांना हा फरक शिकवलेला माणूस एका अळीपुढे हरला. बरणी मोरीत रिकामी झाली.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ताई निघून गेल्या, पण सर मोरीपाशीच उभे.

"सकाळी उठलं की घरात काहीतरी हलताना दिसायचं," ते म्हणाले. "ही गेल्यापासून तेवढंच होतं."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मूठभर वाळकं गवत आणि आमच्याकडची जाळीच्या झाकणाची बरणी घेऊन, गुडघे धरत वर गेलो. सरांनी गवत हुंगलं, बरणीत घातलं, बाटलीत उरलेलं पाणी फडक्यातून दोनदा गाळून ओतलं.

"चार दिवस लागतील," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तोवर सकाळी खाली तुमच्याकडे येऊन बसलो तर चालेल का?"