गौरव समिती आणि गुप्त मतदान

स्त्रीचा गौरव करायचा ठरला की पहिली गरज स्त्रीची नसते, समितीची असते. शेलूबाजारच्या लोकोदय वाणिज्य महाविद्यालयाला हे कोणी शिकवावं लागलं नाही. सन १९७५ हे साऱ्या जगाने महिलांचं वर्ष ठरवलं आणि स्त्रियांच्या कर्तृत्वाचा व नेतृत्वाचा यथोचित गौरव करावा, असं पत्र वरून आलं. पत्र आलं त्याच दुपारी सात जणांची समिती झाली. सातही पुरुष. (महाविद्यालयात बाई प्राध्यापक एकही नव्हती. एकीचा अर्ज आला होता, पण मुलाखत घेणारे हेच सात जण होते.)

अध्यक्षपद प्राध्यापक शेषरावांकडे आलं. ते व्यवस्थापनशास्त्र शिकवत आणि एकदा शिक्षकांच्या बैठकीत चहा पिताना "स्त्रियांनी पुढं आलं पाहिजे" असं बोलून गेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते. पण तेव्हापासून महाविद्यालयात पुरोगामी म्हटलं की शेषराव. होता होता शेषरावांनाही ते पटलं. नोकरी मात्र अजून कायम झाली नव्हती, त्यामुळे पुरोगामीपणाही त्यांनी हंगामीच ठेवला होता.

महाविद्यालय हमरस्त्याला लागून, कापसाच्या जुन्या गोदामात भरे. जीप गेली की व्याख्यान थांबे, आणि तासाचा तेवढा भाग विद्यार्थ्यांना चांगला समजे. विद्यार्थिनी तीन होत्या. समितीने त्यांना कामं वाटून दिली: पहिलीने रांगोळी काढायची, दुसरीने स्वागतगीत म्हणायचं, तिसरीने पाहुण्यांना चहा द्यायचा. तिघीही कार्यक्रमात गुंतल्यामुळे गौरव करायला कोणी उरलं नाही. म्हणून संस्थेचे अध्यक्ष रतनसिंग यांच्या पत्नी हिरीबाई यांना प्रमुख पाहुण्या म्हणून नेमण्यात आलं. त्यांनी एक पतपेढी गावात उभी केली होती, अशी माहिती समितीला नंतर कळली. निवडीचं कारण ते नव्हतं.

अडचण आली ती रांगोळीकडून. विद्यार्थ्यांच्या वाणिज्य मंडळाचा सचिव तलाठ्याच्या नोकरीवर निघून गेला होता. ती जागा मतदानाने भरायची होती, आणि रांगोळीचं काम जिच्याकडे होतं ती आसेगावची भागिरथा शेषरावांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, म्या सचिवपदाले उभी राहून राह्यली. सूचक म्हनून तुमची सही पायजे."

शेषरावांना कौतुक वाटलं, आणि लगेच आठवलं की दुसरा उमेदवार किसनसिंग हा रतनसिंगांचा सख्खा पुतण्या आहे.

"पण हे कशासाठी?" त्यांनी शुद्ध भाषेत विचारलं. घाबरले की ते शुद्ध बोलत.

"दरसाली मंडळाची सहल अकोल्याले जाते. ब्यांक पाहाते, बाजार समिती पाहाते. आमाले म्हंते, पोरीईची सोय नाई, घरीच बसा. मंग नोकरीच्या मुलाखतीत म्या काय सांगू, ब्यांक बाहेरून पाह्यली म्हनून? सचिव झाली त पयली गाडी पोरीईची काढीन."

"भागिरथा, मतदान कार्यक्रमाच्याच दिवशी आहे. तू निवडणुकीत अडकलीस तर स्त्रियांच्या नेतृत्वाच्या कार्यक्रमात अडथळा नाही का येणार?"

भागिरथाने हे वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकल्यासारखं केलं.

"तुमीच तासाले सांगतलं ना सर, संधी आली का पुढारी मांगं पाहात नाई?"

"ते परीक्षेसाठी होतं," शेषराव म्हणाले. आपलं एखादं वाक्य विद्यार्थ्याच्या लक्षात राहिलेलं त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिलं होतं, आणि नेमकं तेच त्यांच्या अंगावर आलं होतं. गौरव समितीच्या अध्यक्षाने तटस्थ राहणं कसं आवश्यक आहे, हे त्यांनी बराच वेळ समजावलं. शेवटी सही टंकलेखनाच्या गुरुजींनी केली. (त्यांना ऐकू कमी येई. रजेचा अर्ज आहे असं त्यांना वाटलं.)

कार्यक्रम दणक्यात झाला. शेषरावांनी 'स्त्री आणि नेतृत्व' या विषयावर असं भाषण केलं की दोन जीप गेल्या तरी ते थांबले नाहीत. "ताईंनो, वाट कसली पाहता? पुढे या!" असं ते म्हणाले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी वाजवताना भागिरथाच्या हातांवरून रांगोळीचा रंग उडाला. शेषरावांनी ते पाहिलं आणि पुढचं वाक्य विसरले. मग त्यांनी मागचंच पुन्हा म्हटलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

त्यानंतर हिरीबाईंच्या वतीने रतनसिंग बोलले. ते बरेच बोलले. हिरीबाई शेषरावांकडे झुकून हळूच म्हणाल्या, "मास्तर, मले बी दोन शब्द बोलू द्या ना."

"बाई, कार्यक्रमात तशी सोय नाही," शेषराव अदबीने म्हणाले आणि त्यांच्या हाती नारळ दिला.

चिवड्यानंतर मतदान झालं. किसनसिंगला चौऱ्याऐंशी मतं पडली, भागिरथाला एकोणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा तिला गाठून म्हणाला, "म्या तुलेच देल्लं व्हतं." मग दुसरा आला. मग गटागटाने येऊ लागले. आठवडा संपेपर्यंत भागिरथाला मत दिलेले सत्तर जण तिला स्वतः भेटून गेले. शेवटी किसनसिंगही आला. "म्या बी तुलेच देल्लं," तो म्हणाला, "सोताच सोताले कोन देते?"

शनिवारी शेषरावांनी तिला व्हरांड्यात थांबवलं. ते सांत्वनाची तयारी करून आले होते.

"भागिरथा, शिक्षकांना मत असतं ना, तर माझं तुलाच होतं."

"मालूम हाय सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे शेषरावांच्या कानाच्या पाळ्या जास्तच तापल्या. "पुढच्या साली म्या पुना उभी राह्यतो. फकत मतदान हात वर करून घ्या."

"नाई नाई, असं कसं?" शेषरावांची शुद्ध भाषा सुटली. "गुप्त मतदान म्हंजे लोकशायीचा प्रान हाय!"

"बरं. मंग सूचक तरी व्हसान?"

शेषरावांनी रस्त्याकडे पाहिलं. जीप येईल तर बरं, असं त्यांना वाटलं. आली नाही. "पाहू," ते म्हणाले. भागिरथा मान हलवून तासाला निघून गेली. सहल त्या साली नेहमीप्रमाणे अकोल्याला गेली, पोरांची.

भागिरथाच्या मतांचा आकडा मात्र अजून वाढतोच आहे. हे वाचताना "आपण तिथे असतो तर तिलाच मत दिलं असतं" असं ज्यांना ज्यांना वाटलं, त्यांचंही मत त्यात धरलं आहे. पेटीत एकोणीसच निघतील.