वासुदेवकाकांची पत्रिका आणि फ्राउ क्रेमरचं पान

फ्राउ क्रेमर निवृत्त होणार अशी बातमी किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, पालकांच्या ग्रुपवर आली आणि मैथिली पोतनीसच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणासाठी बंद झालं.

जर्मनीत, बॉबलिंगेनमधल्या त्या बालवाडीत फ्राउ क्रेमरनी आयुष्य काढलं होतं. तेव्हा आठवणींचं एक पुस्तक, म्हणजे आब्शीड्सबुख, त्यांना द्यायचं ठरलं. प्रत्येक कुटुंबानं एक पान सजवायचं. विकतचे स्टिकर नकोत, सगळं हातानं केलेलं हवं, अशी सूचनाही होती. मैथिलीला ती सूचना खास आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. मागच्या वर्षी कंदिलांच्या मिरवणुकीला तिनं लेकीच्या, अन्वीच्या हातात दुकानातला कंदील दिला होता. बाकीच्या आयांनी घरी केले होते. कोणी काही बोललं नाही; त्या नुसत्या "आहा" म्हणाल्या. तो "आहा" अजून तिच्या कानातून गेला नव्हता.

"या वेळी दाखवतेच," असं म्हणून तिनं कागदातून फुलं पाडायचे पंच मागवले, पट्ट्या गुंडाळायची सुई मागवली, आणि व्हिडिओ बघून बघून मान आखडून घेतली. सगळं आलं, पण मनासारखा कागद मिळेना. दुकानातला कागद फारच शहाणा आणि सपक होता. मग तिला कपाटातली पिशवी आठवली.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरात अशी एक पिशवी असतेच. भारतवारीत मिळालेल्या लग्नपत्रिका तिच्यात जमतात. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती कागदाच्या डब्यात टाकता येत नाही. आणि लग्न केव्हाच उरकलेलं असतं, म्हणून ठेवून उपयोग नसतो. मैथिलीनं धर्मसंकट सोडवलं. गणपती तेवढे नीट कापून एका डब्यात ठेवले, डब्याला हात जोडले, आणि उरलेल्या कागदावर कात्री चालवली.

त्यातली एक पत्रिका तर अप्रतिम निघाली. जाड, पाठीमागून सोनेरी वेलबुट्टी. आतले दोन कागद तिनं वेगळे केले. एकाची सोनेरी बाजू वर धरून पंचानं पाकळ्या पाडल्या. दुसरा सोनेरी बाजू बाहेर राहील असा दुमडून छोटा खिसा केला. जुन्या पत्रिकेतला मजकूर वाचायचं तिला काही कारण नव्हतं. लग्न झालेलं, जेवणही पचलेलं.

मदतीला सासूबाई होत्या. सुलेखाताई नाशिकहून नुकत्याच आल्या होत्या. हात असा चालायचा, की चष्मा न लावता त्यांनी पाकळ्या सुईवर वळवून बघता बघता गुलाब केले.

"कागद भारी आहे गं. कुणाच्या लग्नाचा?"

"असेल कुणाच्या तरी, आई."

"इतका जाड कागद वापरायचा म्हणजे उधळपट्टीच की! लोकांना पैसे टोचतात नुसते."

"माम्मा, दास इस्ट शोएन!" अन्वी म्हणाली, म्हणजे किती छान! मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. सोनेरी खिशात ठेवायला तिनं स्वतः एक चिठ्ठी लिहिली, की आमच्याकडे नक्की ये. फ्राउ क्रेमरवर तिचा फार जीव होता.

शुक्रवारी सकाळी पुस्तक दिलं गेलं. मैथिलीचं पान उघडलं तेव्हा सगळ्या आया "आहा" म्हणाल्या, पण या वेळचा "आहा" लांब होता. मैथिली तरंगत घरी आली. घरी सासूबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन कपाटासमोर उभ्या होत्या, आणि हातात ती पिशवी होती.

"मैथिली, यात शमिकाची पत्रिका होती, ती कुठं गेली?"

शमिका म्हणजे मैथिलीच्या नवऱ्याची, मल्हारची धाकटी बहीण. तिचं लग्न डिसेंबरात नाशिकला होतं.

"शमिकाची? नवीन? यात?" मैथिलीनं पिशवी ओढून घेतली. "अहो आई, या पिशवीत कशाला ठेवलीत?"

"गणपतीच्या पिशवीला कोण हात लावतंय, म्हणून ठेवली! सगळ्यात सुरक्षित जागा!"

आता हे साधं प्रकरण नव्हतं. ती पत्रिका फ्रँकफर्टच्या वासुदेवकाकांसाठी नाशिकहून आली होती. काका म्हणजे मल्हारच्या वडिलांचे चुलतभाऊ, पण वाढले सख्ख्यासारखे. मल्हारच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना फोनवर पत्रिकेचा फोटो पाठवून गेलं, आणि फोटोच्या डोक्यावर 'फॉरवर्डेड' असं लिहिलेलं होतं. काका लग्नाला आले नाहीत, आणि त्यानंतर घरीही आले नाहीत. मल्हारचे वडील जाताना म्हणाले होते, शमिकाचं कन्यादान वासूच्या हातून करा. म्हणून या वेळी सुलेखाताईंनी पत्रिकेत निमंत्रक म्हणून काका-काकूंचीच नावं छापून घेतली होती आणि ती पत्रिका हातात द्यायला त्या सातासमुद्रापार आल्या होत्या. शनिवारी काका जेवायला येणार होते. कसेबसे तयार झाले होते.

"यांना शब्द दिला होता गं मी," सुलेखाताई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. "आणि स्वतःच्या हातानं त्याचे गुलाब केले."

मैथिलीला ओरडा खाल्लेला परवडला असता. हे ऐकून तिला रडूच फुटलं.

मल्हार मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. घरात कोणी रडू लागलं, की तो आधी उपाय शोधायचा आणि मग विचारायचा काय झालं. "आल्झो, सोपं आहे," तो म्हणाला. "पुस्तक परत मागू."

"पापा, दास गेट निश्ट!" अन्वी किंचाळली. दिलेली भेट मागायची नसते हे तिला फ्राउ क्रेमरनीच शिकवलं होतं.

"मागायचं नाही गं, नुसतं बोलायचं." आणि त्यानं मेल लिहिला, की पुस्तकातल्या आमच्या पानाविषयी आपल्याशी तातडीनं बोलायचं आहे. उत्तर लगेच आलं: मलाही त्याच पानाविषयी बोलायचं आहे, उद्या बारा वाजता येते. "बघा! त्यांनाही कळलेलं दिसतंय, काहीतरी घोटाळा आहे. काका येणार एकला. तासाभरात पाकळ्या सरळ करून चिकटवू."

"इस्त्री करून?" मैथिलीनं डोळे पुसत विचारलं.

मल्हारलाही हे जरा जास्तच वाटलं असावं, कारण त्यानं राखीव योजना काढली. शमिकाकडून पत्रिकेचा फोटो मागवायचा आणि घरीच पत्रिका करायची. प्रिंटरची शाई नेहमीप्रमाणे संपलेली होती. मग मल्हारनं पट्टीनं रेघा आखल्या, मैथिलीनं सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला, डब्यातला गणपती मधोमध बसवला, आणि सुलेखाताईंनी चार कोपऱ्यांना चार गुलाब लावले. अन्वीनं कोणाचं लक्ष नसताना चमकी ओतली. तयार झालेली वस्तू पत्रिका कमी आणि वाढदिवसाचा केक जास्त वाटत होती.

"राहू दे," सुलेखाताई म्हणाल्या. "उद्या खरी मिळणारच आहे."

पण शनिवारी साडेअकरालाच बेल वाजली. दारात वासुदेवकाका आणि यमुनाकाकू. गाडीला हमखास उशीर होतो म्हणून काकांनी हिशेबानं आधीची गाडी पकडली होती, आणि नेमकी तीच वेळेवर पोचली.

काका सोफ्याच्या कडेवर बसले. मागे टेकले नाहीत. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग हात पुढं करावा तसे सुलेखाताईंकडं बघत म्हणाले, "वहिनी, काहीतरी द्यायचंय म्हणालात."

आता थांबवणार कसं? सुलेखाताईंनी हळदीकुंकू लावून ती घरची पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. काकांच्या काळ्या पँटवर चमकी सांडली. काकांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचली.

"हाताने लिहिलेली," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी मुद्दाम," मल्हार म्हणाला.

"म्हणजे छापलेल्या संपल्या होत्या." काकांनी पत्रिका टीपॉयवर ठेवली. "बाकी सगळ्यांना छापील, आणि आयत्या वेळी आठवलं की फ्रँकफर्टला एक म्हातारा आहे. त्याचं नावही घुसडलं हातानंच. वा. निदान फोटोपेक्षा बरं."

"अहो, असं काय बोलताय!" यमुनाकाकू म्हणाल्या.

"मी काही बोलतच नाहीये. यमुना, परतीची गाडी कधी आहे?"

मैथिली दोन्हीकडून अडकली. खरं सांगावं, तर तुमची पत्रिका कापली असं सांगायचं. न सांगावं, तर ती छापलीच नव्हती असं ठरणार. तिनं तोंड उघडलं, आणि घड्याळात बाराचा ठोका पडायच्या आत बेल वाजली.

फ्राउ क्रेमर आत आल्या. एका हातात कुंडी, काखेत ते पुस्तक, आणि डोळे ओले.

"मैथिली," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "काल मी तो खिसा उघडला. आत अन्वीची चिठ्ठी होती, नक्की ये म्हणून. आणि खिसा उलगडला तर आत खरंखुरं आमंत्रण! इतकी वर्षं नोकरी केली, पण सोन्याच्या कागदात लपवून मला कोणी कुठं बोलावलं नव्हतं. आज सकाळी मी विमानाचं तिकीट काढलं."

मल्हारनं "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी, असं म्हटलं, पण कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

"आता फक्त यजमानांची ओळख करून द्या," फ्राउ क्रेमरनी पुस्तक उघडून खिशाचा कागद पसरला. पत्रिकेचा तो इंग्रजी मजकुराचा कागद होता, अख्खा. "हेर वासुदेव पोतनीस आणि त्यांच्या पत्नी. पुतणीच्या लग्नाला यांनी मला बोलावलंय. ते कुठं राहतात?"

वासुदेवकाका उठून पुढं आले. त्यांनी तो कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. सगळ्यात वर, ठळक, छापील, सोनेरी अक्षरांत त्यांचं आणि काकूंचं नाव होतं.

"काका, ती तुमचीच पत्रिका," मैथिली एका दमात म्हणाली. "नाशिकहून तुमच्यासाठी आणलेली. मी जुनी समजून कापली. चूक माझी आहे, आईंची नाही."

काका ऐकत होते की नाही, कोण जाणे. फ्राउ क्रेमरनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला होता आणि मनापासून आभार मानत होत्या. आता या बाईंना काय सांगणार? की आमंत्रण चुकून गेलं? तिकीट काढलेल्या पाहुणीला? आणि वर छापलंय 'वासुदेव पोतनीस'! काकांनी स्वेटर खाली ओढला आणि मान ताठ केली.

"नक्की या, फ्राउ क्रेमर," ते जर्मनमध्ये म्हणाले. "आम्ही वाट बघतोय."

मग ते मल्हारकडं वळले. आवाज एकदम कार्यघराचा झाला. "यांची उतरायची सोय काय केलीस?"

"काका, अजून तर..."

"अजून नाही? पाहुणी विमानाचं तिकीट काढून मोकळी झाली आणि तुम्ही इथं चमकी उडवत बसलात! वहिनी, यांना तिखट चालायचं नाही, आचाऱ्याला कळवा. यमुना, आपण आठ दिवस आधी निघू. या लोकांच्या हातून एक काम धड व्हायचं नाही."

सुलेखाताईंनी भीत भीत विचारलं, "भावजी, म्हणजे कन्यादानाला तुम्ही दोघं बसाल ना?"

"नाहीतर कोण बसणार? निमंत्रक मी आहे!" काका सोफ्यावर पार मागे टेकून बसले आणि दुखावल्या सुरात म्हणाले, "आणि खरं सांगू का वहिनी, घरच्या माणसाला आमंत्रण द्यायला तुम्ही इथवर आलात, हेच मला मुळीच आवडलं नाही."