काय पाहिजे होतं, काय आलं

मिसळ बिघडली तर माणूस एक तर मुकाट्याने खातो, नाही तर मालकाच्या नावाने ओरडतो. आमचे माने तिसरंच करायचे. मालकाला जवळ बोलावून शांतपणे म्हणायचे, "पायजे हुतं: कट गरम. आलंय: कोमट. जागा: खिडकीजवळचं टेबल." मालक बिचारा आधी खिडकीकडे बघायचा.

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पंपाच्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटरवर होतो. त्या खोलीला देवघराचा मान होता. पायताणं दाराबाहेर काढावी लागत.

प्रोग्राम लिहिताना आम्ही जागोजागी अट घालून ठेवायचो, की इथवर आलं तर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. नसली की यंत्र थांबायचं आणि 'अट मोडली' म्हणून नुसता प्रोग्राममधल्या ओळीचा नंबर फेकायचं. ही सोय भाषेबरोबर आयतीच मिळायची आणि सगळे तीवर खूश होते. मान्यांना ती पटेना. "दारात पावणं यावं, 'वंगाळ झालं' म्हणावं आन निघून जावं, तसलं हाय हे. कुणाचं झालं, काय झालं, कायबी न्हाय."

मग त्यांनी त्या सोयीच्या जागी वापरायला आपला स्वतःचा मॅक्रो, म्हणजे छोटा तयार तुकडा, लिहिला. आता यंत्र थांबताना कोणती अट मोडली, काय यायला हवं होतं आणि काय आलं, सगळं सांगू लागलं. अक्षरं इंग्रजी, पण बोली कोल्हापुरी: 'वजन शून्याच्या वर पायजे. आलंय उणे बारा. पंप हाय का फुगा?'

पुढे ही सवय अंगातच भिनली. आमच्याकडे जेवायला आले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "वैनी, मीठ पायजे हुतं चिमूट, आलंय मूठ." ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "ह्यांना पुन्हा बोलावलंत तर स्वयंपाक तुमचा तुम्ही करा."

एकदा पुण्याचं गिऱ्हाईक खोलीत असतानाच नेमकी पडद्यावर ती फुग्याची ओळ उमटली. साहेबांनी फर्मान काढलं, हा चावटपणा बंद. चुकलं तर यंत्राने गुपचूप थांबावं. माने एरवी साहेबांशी वाद घालत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "गुपचूप थांबलं तर दुरुस्त काय करायचं, साहेब?"

साहेब गिऱ्हाइकाला घेऊन निघून गेले. संध्याकाळी दाराबाहेर पायताणं घालताना माने मला म्हणाले, "आमची मंडळी अशीच गेली. गगनबावड्याला, म्हायेरी. 'मी जाते' म्हणाली, बास. काय चुकलं, कुठं चुकलं, आजपातूर म्हाईत न्हाय."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला सडाफटिंग समजत होतो. वाईट वाटलं, आणि रागही आला.

"माने, यंत्राला बोलतं केलंत," मी म्हटलं. "वहिनींना कधी विचारलंत का?"

ते एका पायात पायताण अडकवून तसेच उभे राहिले.

रविवारी ते एसटीने गगनबावड्याला गेले. सोमवारी मी कामाचं सोंग करून त्यांची वाट बघत बसलो होतो.

"इचारलं," आल्या आल्या ते म्हणाले. "म्हणाली, दोन शब्द पायजे हुते. काय बी सांगितलं तरी तुमच्याकडनं यायचं नुस्तं 'हुं'." माने खुर्चीत टेकले. "खरं हाय की. तवा मी बोलायचोच न्हाय. घरी आलो तरी डोक्यात प्रोग्रामच."

"मग? येतायत का?"

"त्ये न्हाय बोलली. च्या दिला." त्यांनी यंत्र सुरू केलं. "साखर लई पडलीती."

"मग सांगितलंत ना, काय पाहिजे होतं आणि काय आलं?"

"न्हाय," माने म्हणाले. "आनी एक कप मागितला."