तात्यांच्या घोट्यातला सायेब

आमच्या शेजारचं तात्या हवालदार आंघोळीला बसलं की डावा पाय उंच करून गोठ्याच्या मेढीला टेकवायचं, आन मग बाकीच्या अंगावर पाणी घ्यायचं. त्या घोट्यावर थेंब पडू द्यायचं न्हाईत. का, तर आत इस्क्रू हाय, गंजंल. वर आनि घोट्याला एरंडेल चोळायचं, गाडीच्या आसाला घालत्यात तसं.

लढाईत ट्रक उलटून त्यांचा घोटा फाकला, तितल्या गोऱ्या डाक्टरनं विलायती इस्क्रू घातला, म्हणून त्या इस्क्रूचं नावच सायेब. लग्नाचं बोलावणं आलं की म्हणायचं, "सायबाला इचारून सांगतो." मी नवी नवरी, पाया पडाय गेले, तर म्हणालं, "डाव्या पायाला पड. थोरला तितं हाय." घरी येईल त्याचं बोट धरून घोट्यावर दाबायचं, "लागलं का सायबाचं डोस्कं?"

पारावर कुणीतरी डिवचलं, "तात्या, इंग्रज चालला की देश सोडून. तुमचा सायेब कवा जानार?"

"माज्या आदी न्हाई जात गड्या. एकाच पेन्शनीत दोघं हाय आमी!"

आमी लय हसायचो. मग आमच्याच घरावर आलं.

मोटंच्या बैलांमागं हिरीच्या उतरत्या धावंवरनं येताना आमचं मालक घसरलं. हाडवैद्यानं दोनदा पाय बांधला, पर टेकला की घोटा भाईर जायचा, नांगरटीत तर उभंच ऱ्हाता येईना. सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणाले, "शिरा तुटल्यात, दोन हाडं फाकलीत. स्क्रू घालून आवळावी लागतील, नाहीतर पाय कायम असाच लचकणार. पण बाई, आधीच सांगतो. जखमेत पू होऊ शकतो, तो हाडापर्यंत जातो. बोटं बधिर होतात. स्क्रू सैल होतो, मोडतो, मग काढायला परत फाडावं लागतं. पटत असेल तर इथं सही करा."

काखंत सा म्हयन्याची पोर रडतीया, मालक म्हणत्यात तू म्हणशील तसं, घरात वडीलधारं कुणी न्हाई, आन मी दुसरी शिकलेली. सही न्हाई केली. मालकास्नी दवाखान्यातच ठिवून मोटार धरली, गावाकडं आले, आन तशीच तात्यांच्या दारात.

"तात्या, आवं खरं सांगा, इस्क्रूनं काय काय हुतंय?"

मला वाटलं आता सायबाची फुशारकी सुरू. पर तात्यांनी घोट्यावरनं हात फिरवला. मग म्हणालं, "सई कर पोरी. मोडला तर काडत्यात. बधिर झालं तर चालतंय. भ्या पुवाचं. आन पू दिसायच्या आदी वास मारतो."

घोंगडं काखंत मारून माज्यासंगं मोटारीत बसलं.

सही केली. इस्क्रू घातला. तात्या रातच्याला भाईर पडवीत घोंगडं टाकायचं, रोज सकाळी आत यायचं, वाकून पट्टीला नाक लावायचं. शेजारच्या खाटंवरचा म्हणायचा, "हवालदार, जिलेबी बांधलीया व्हय आत?"

"गप रं."

सहाव्या दिवशी नाक लावलं आन ताठ उभं ऱ्हायलं. नर्स म्हणाली पट्टी परवा सोडायची हाय. तात्या ऐकंनात, दारातच आडवं झालं, डाक्टर आल्याबिगर उठनार न्हाई म्हणालं. डाक्टर आले, पट्टी सोडली. टाक्याच्या एका कोपऱ्याला वलं व्हतं. धुतलं, साफ केलं. म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर स्क्रू काढावा लागला असता."

मी भाईर येऊन पायरीवर बसले. तात्यास्नी म्हटलं, "तुमास्नी कसं कळलं?"

"लढाईच्या दवाखान्यात मला बी आलता की वास. मला वाटलं शेजारच्या खाटंवरल्याचा हाय. वाकून बघाया कोन व्हतं तितं? चार म्हयनं पडून ऱ्हायलो."

पुढं जखम सुकली, टाकं काडलं. डाक्टरनी बी सांगितलं, आता भ्या न्हाई, सोमवारी घरी जा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या हजर, वाकाया लागलं.

मी म्हटलं, "तात्या, आता कशाला? बरं झालं की."

"व्हय की," म्हणालं. "पर घरी जाऊन तरी मी कुनाचं बघू?"

मी मालकांच्या पायावरची चादर बाजूला केली.