डिकीतला दगड

मास्तरांची गाडी कधी बंद पडत नसे. ती थांबत असे. या दोन क्रियांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असा मास्तरांचा सिद्धान्त होता आणि तो पुरता ऐकून घेतल्यावाचून त्यांच्या गाडीत कोणाला बसता येत नसे. बंद पडणे हा यंत्राचा दोष, थांबणे हा यंत्राचा विवेक! एवढे सांगून ते गाडीच्या टपावरून हात फिरवीत, तेही घरातल्या वडीलधाऱ्याची पाठ चेपावी इतक्या अदबीने.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. गाडी एका जपानी कंपनीची, पांढरी, चार दारांची. मास्तरांची लेक पाचवीत असताना ती दारात आली, आणि आता लेकीचा लेक पाचवीत गेला होता. इतक्या वर्षांत तिची किल्ली झिजून झिजून एवढी गुळगुळीत झाली होती की तिच्यात आणि चहाच्या चमच्यात फारसा भेद उरला नव्हता. गाडीचे कुलूपही वयोमानाने उदार झाले होते; ते कोणत्याही किल्लीला नाही म्हणत नसे.

या गाडीचा विवेक नेमका एकाच ठिकाणी जागा होई. मास्तरांचे घर टेकडीच्या माथ्यावर होते आणि घरी जायला एकच चढाचा रस्ता होता. त्या चढाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, गाडी हमखास थांबे. मग मास्तरांच्या पत्नी खाली उतरत, डिकी उघडत, टॉवेलात गुंडाळलेला एक चांगला पायलीएवढा दगड काढत आणि मागच्या चाकाखाली सारत. गाडीने श्वास घेतला की दगड उचलून त्या पुन्हा बसत. त्या जन्मभर इस्पितळात परिचारिका होत्या, म्हणून सगळा परिसर त्यांना सिस्टर म्हणे. धाप लागलेला जीव त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखता येई. या गाडीला दम्याचा विकार आहे आणि तो आता औषधापलीकडे गेला आहे, असे त्यांनी चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. पण आता त्यांचे स्वतःचे गुडघे बोलू लागले होते.

शेवटी जावयांनी पुढाकार घेतला. भंगारवाल्याशी बोलणे झाले. रविवारी सकाळी तो गाडी ओढून न्यायला येणार होता. मास्तरांचे जेवण सुटले. ते रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसू लागले, नुसतेच, काचा वर करून. दोन दिवस हा प्रकार पाहिल्यावर सिस्टरांचे मन द्रवले. शनिवारी नदीकाठच्या मैदानावर याच बनावटीच्या गाड्यांच्या मालकांचे संमेलन होते आणि तेथे मास्तरांचे व्याख्यान ठेवलेले होते. सिस्टरांनी अट घातली, की संमेलनाहून परतताना गाडी चढावर एकदाही न थांबता घरी आली तर ती राहील. थांबली तर रविवारी तिला निरोप.

"शब्द?" मास्तरांनी विचारले.

"शब्द. मी कधी मोडलाय?"

मोडला नव्हता, हे मास्तरांना चांगलेच ठाऊक होते. त्याचाच तर धाक होता.

शनिवारी मैदानात पाय ठेवताच मास्तर स्तब्ध झाले. त्या बनावटीच्या गाड्या बहुतेक सगळ्या पांढऱ्याच निघाल्या होत्या, आणि त्या पांढऱ्या गाड्यांचे एक मोठे वर्तुळ उन्हात झळकत होते. सरोवरात राजहंस उतरावेत तसे. छायाचित्रात एकसारखेपणा यावा म्हणून संयोजकांनी प्रत्येक गाडीच्या नंबरपाटीवर संमेलनाच्या नावाचा कागद चिकटवला होता. तो घरी जाऊन सावकाश काढा, असे ते सर्वांना सांगत होते. मास्तरांनी आपली गाडी वर्तुळात नेऊन लावली आणि दोन्ही हात नकळत जोडले.

मग मालकांची मनोगते झाली. एका बेकरीवाल्याने आजवर या गाडीतून वाहिलेल्या मैद्याचा डोंगर केला तर तो समोरच्या टेकडीला लाजवील, असे सांगितले. एका बँडवाल्याने मोठा ढोल मागच्या सीटवर कसा बसतो हे हातवारे करून दाखवले. पाठीमागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, असे एक उंच गृहस्थ म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले की त्यामुळे सासरची माणसे फार वेळ बसत नाहीत. नळजोडणी करणारा एक जाडजूड माणूस तर रडवेला झाला होता. त्याची तक्रार एवढीच होती की ही गाडी मरतच नाही, त्यामुळे नवी घ्यायला निमित्तच मिळत नाही. टेकडीपलीकडे राहणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई चार वाक्येच बोलल्या. आपली गाडी आजवर रस्त्यात एकदाही थांबलेली नाही, हे त्यांचे शेवटचे वाक्य. बाई ठेंगण्या, नीटनेटक्या आणि आवाजाने करारी. रोग्याने न सांगता तोंड उघडावे अशा.

त्यांच्यानंतर मास्तर उभे राहिले. ते म्हणाले, ज्या कारखान्याने या गाड्या घडवल्या, त्या घराण्याचा मूळ उद्योग गाड्यांचा नव्हताच. ते लोक कापड विणण्याचे माग बनवीत. त्यांनी असा एक माग केला, की विणताना एक धागा तुटला तर तो आपला आपण थांबे. कोणी ओरडायचे नाही, कोणी धावायचे नाही. सदोष कापड गजभर विणण्यापेक्षा निमूट उभे राहणे त्या यंत्राने पत्करले. पुढे मोटारी बनू लागल्या तरी रीत तीच राहिली: चूक दिसली की कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी आणि सगळे काम थांबवावे. परदेशी धाडलेल्या पहिल्या गाड्या तिथल्या लांबलचक रस्त्यांवर आणि चढांवर धापा टाकू लागल्या, तेव्हा त्या लोकांनी सबबी सांगितल्या नाहीत. पाठवणे थांबवले, मान खाली घालून शिकले आणि पुन्हा आले.

"म्हणून सांगतो," मास्तर म्हणाले, "गाडी थांबली तर तिच्यावर चिडू नका. कुठं धागा तुटलाय ते शोधा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. सिस्टरांनीही क्षणभर आपल्या नवऱ्याकडे नव्याने पाहिले. चाळीस वर्षांत या माणसाच्या तासाला आपण कधी बसलो नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

व्याख्यानानंतर मास्तरांना जणू पंखच फुटले होते. ते व्यासपीठावर ज्या बाजूने चढले होते त्याच्या उलट बाजूने उतरले, उजवीकडे वळायचे ते डावीकडे वळले, आणि वर्तुळात आपली गाडी जिथे असायला हवी होती तिथे एक पांढरी गाडी उभी होती. किल्ली घातली, फिरवली, दार उघडले. शंका यायला जागाच उरली नाही.

आत बसताना मात्र मास्तरांचे गुडघे सुकाणूला आदळले. स्वयंसेवकांनी साफसफाई करताना सीट पुढे ओढली असावी, असे म्हणून त्यांनी ती मागे ढकलली. सिस्टरांनी नाक वर करून हुंगले. लवंगेच्या तेलाचा वास येतोय, दवाखान्यासारखा, असे त्या म्हणाल्या. त्यावर मास्तरांनी, तू सगळा जन्म दवाखान्यात काढलास, तो वास तुझाच असेल, असे उत्तर दिले. एरवी मुका असलेला रेडिओ बोलू लागला तेव्हा तर मास्तरांनी खुलासा करायचेही सोडून दिले. काही गोष्टींपुढे माणसाने गप्पच बसावे.

चढ सुरू झाला. सिस्टर सवयीने दाराच्या मुठीला हात लावून तयारीत बसल्या. पाण्याची टाकी जवळ आली. मास्तरांनी श्वास रोखला. ओठ काहीतरी पुटपुटत होते. टाकी बाजूला आली. टाकी मागे गेली! गाडीचा सूर तसूभरही ढळला नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती वर निघाली होती. खाली नदी चांदीच्या तारेसारखी दिसत होती. या रस्त्यावरून ती दिसते, हे त्या दोघांना प्रथमच कळले, कारण आजवर या टप्प्यावर एक जण चाकाकडे पाहत असे आणि दुसरा घड्याळाकडे.

"ऐकलंस?" मास्तर कुजबुजले.

"ऐकतेय. दमा कुठं गेला हिचा?"

"तिनं माझं भाषण ऐकलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता.

दारात उतरल्या उतरल्या सिस्टरांनी जावयांना फोन लावला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला सांगितले. जावई पलीकडून बरेच काही बोलले. सिस्टरांनी ते सगळे ऐकले आणि गाडी राहणार, मी शब्द दिलाय, एवढे म्हणून फोन ठेवला. मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले. डोळे पाणावले होते. सिस्टर मग डिकीकडे वळल्या. टॉवेल धुवायला काढावा, असा त्यांचा विचार होता. डिकी आरशासारखी स्वच्छ होती. टॉवेल नव्हता, दगडही नव्हता.

"अहो, दगड कुठे टाकलात?"

मास्तर उत्तर देणार तोच त्यांचा फोन वाजला. संमेलनात त्यांनी आपला नंबर ज्याला त्याला आग्रहाने दिला होता. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांचा आवाज करारी नव्हता, भारावलेला होता.

"मास्तर, मी चढावर आहे. पाण्याच्या टाकीपाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी थांबली."

मास्तरांनी हळहळ व्यक्त केली. बाईंनी ती मधेच तोडली.

"हळहळू नका, ऐका. दुसरी कोणी असती तर चिडली असती. मी तुमचं वाक्य आठवलं आणि धागा शोधायला उतरले. सीट फार मागे. रेडिओ मुका. डिकी उघडली, तर इस्पितळाच्या टॉवेलात गुंडाळलेला दगड! तेव्हा नंबरपाटीवरचा कागद काढला, पुढच्या खणातली तुमच्या नावाची कागदपत्रं पाहिली. मास्तर, मैदानात शेवटी उरलेली पांढरी गाडी मी आपली समजून आणली, पण ही माझी नाही. ही तुमची आहे. परकं माणूस बसलंय हे हिला कळलं आणि ही आपली आपण थांबली!"

चूक झाली होती, लाजिरवाणी झाली होती, दुसऱ्याची गाडी हाकून आणली होती. पण यातले काहीच मास्तरांच्या मनात टिकले नाही. तिथे एकच माग उभा होता, निमूट, आणि त्याच्या पोटात एक तुटलेला धागा लोंबत होता. "थांबली," ते आभाळाकडे पाहत म्हणाले. "खरंच थांबली."

सिस्टरांना मात्र सगळा उलगडा एका क्षणात झाला. बाईंचा आवाज फोनमधून त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. आता शब्द मोडायला कारण होते. पण अट काय होती? संमेलनाहून परतताना गाडी न थांबता घरी यावी. गाडी आली होती. कोणती, हे अटीत म्हटलेले नव्हते, आणि चूक झाली म्हणून शब्द फिरवणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. शिवाय पायरीवर बसलेल्या त्या माणसाचा चेहरा त्या पाहत होत्या.

दोघे बाईंची गाडी घेऊन खाली गेले. टाकीपाशी डॉक्टरीणबाई मास्तरांच्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या होत्या. दगड चाकाखाली शिस्तीत लावलेला होता. गाड्यांची अदलाबदल झाली. मास्तरांची किल्ली उन्हाकडे धरून बाईंनी निदान केले, की हिला एकही दात शिल्लक नाही, नवी बसवावी. मग त्या आपल्या गाडीत बसल्या, सीट पुढे ओढली, गाडीला नमस्कार केला, मास्तरांनाही केला, आणि आल्या तशा सुरेल निघून गेल्या.

मास्तर आपल्या सुकाणूमागे बसले. गुडघ्यांना जागा होती. त्यांनी समाधानाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, निघाली, टाकीच्या सावलीबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच थांबली.

"डॉक्टरीणबाई परक्या, म्हणून थांबली म्हणता," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "मग आत्ता कोण परकं बसलंय?"

मास्तरांनी सगळा इतिहास मनात चाळून पाहिला. शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कदाचित तिला अजून मी पटलो नसेन."

"त्यात तिचं काय चुकलं? चाळीस वर्षं झाली, मलाही अजून पुरते पटलेला नाहीत," असे म्हणून सिस्टरांनी दार उघडले, एक हात गुडघ्यावर ठेवून त्या उतरल्या आणि दगड चाकाखाली सारला.