निर्मोही पिस्तूल

दातांच्या डॉक्टरांचं सकाळी ध्यान लागायचं आणि संध्याकाळी, पिस्तुलाच्या क्लबात, नेम. दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या, कारण सकाळच्या ध्यानकेंद्रातल्या भंतेजींना संध्याकाळचा पत्ता नव्हता. तो लागला एका पहाटे. डॉक्टरांनी पिशवीतून आसन ओढलं, त्याबरोबर छर्‍यांची डबी पडली, आणि छर्रे गडगडत ध्यानस्थ मंडळींच्या मांड्यांखाली गेले.

"जीव घेता कुणाचा?" भंतेजींनी विचारलं.

"कागदाचा. श्वास सोडायचा, मन शांत करायचं, चाप ओढायचा. सगळं तुमचंच आहे, फक्त शेवटी ठो होतं."

भंतेजींनी यावर विचार केला. "रविवारी स्पर्धा बघायला येतो. मोह दिसला नाही तर खुशाल खेळा. ‘माझं माझं’ ऐकू आलं, तर पिस्तूल सोडायचं."

डॉक्टरांचा पिस्तुलावर जीव होता, म्हणून निर्मोही होणं त्यांनी फारच मनावर घेतलं.

रविवारी शेजारच्या लेनवर सासूबाई होत्या. जावई घरीही ध्यानाला बसला की टीव्हीचा आवाज बारीक करावा लागे, म्हणून त्यांनीही हा क्लब धरला होता.

"जावईबापू, चष्मा घरी राहिला हो. अंदाजाने मारते."

जावईबापू श्वासावर होते. त्यांनी एकेक छर्रा मारला आणि कुठे लागला ते न बघता दर वेळी डोळे मिटून घेतले. मागे भंतेजी समाधानाने मान डोलावत होते.

सेक्रेटरीने कागद आणले. डॉक्टरांचा कोरा करकरीत. सासूबाईंच्या कागदावर सगळी भोकं मधोमध, एका नाण्याखाली झाकली जातील अशी.

"पहिला नंबर, आजी."

डॉक्टरांच्या लक्षात आलं. कागदावर लेनचा नंबर असतो. पण यातला आपला कोणता, हा विचार मोहाचा वाटून त्यांनी तो मनात येऊच दिला नव्हता. समोर दिसला त्या कागदावर मारलं होतं, आणि तो शेजारच्या लेनचा होता. आता गप्प बसावं तर ते खोटं, बोलावं तर तो मोह. त्यांनी दोन श्वास सोडले. तिसरा शब्दांसकट बाहेर आला.

"ती भोकं माझी आहेत."

"माझी?" भंतेजी हळूच म्हणाले.

"म्हणजे, माझ्या हातून घडलेली."

"मग ट्रॉफीकडे का बघताय?"

"त्यांचीच असणार," सासूबाई मध्ये पडल्या. "माझे सगळे मागच्या फळीत गेले, आवाज आला ना मला. ट्रॉफी देऊन टाका त्यांना. धूळ पुसायला आणखी एक वस्तू नको मला."

भंतेजी सासूबाईंकडे वळले. "आजी, साधना किती वर्षांची?"

"कसली साधना, गुडघे दुखतात."

सेक्रेटरीला वाद नको होता. त्याने ट्रॉफी घराच्या पत्त्यावर पाठवली. पत्ता दोघांचा एकच होता. डॉक्टरांचं पिस्तूल ठरल्याप्रमाणे सुटलं. केंद्रात आता भंतेजींच्या शेजारी एक खुर्ची असते, आणि सोडून कसं द्यावं ते सासूबाई समजावून सांगतात.

संध्याकाळी डॉक्टर घरीच असतात. टीव्ही बघतात, आवाज बारीक करून, कारण आत सासूबाई ध्यानाला बसलेल्या असतात. ट्रॉफी टीव्हीशेजारी आहे. धूळ डॉक्टर पुसतात.