मावशींची चिकटपट्टी

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आपली लेक शाळेच्या नाटकात कोंबडा होणार, हे घाईरावांना सोमवारपासून रोज चहाबरोबर ऐकावं लागत होतं. कोंबड्याला काम एकच: शेवटी येऊन आरवायचं आणि झोपलेल्या गावाला उठवायचं.

"बाबा, येशील ना? मागच्या दोन्ही नाटकांना आला नव्हतास."

"येणार म्हणजे येणार!"

"तुझ्या बाबाचं 'येणार' म्हणजे ऑफिसातलं 'अर्ध्या तासात देतो'," बायको म्हणाली.

घाईराव हे नाव टीमनं ठेवलेलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चौघांचे ते प्रमुख. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हे "अर्ध्या तासात देतो" म्हणून मोकळे, आणि चौघं अडकलेले. तसा माणूस लोण्याहून मऊ. टीमचा ताण हलका व्हावा म्हणून त्यांनीच हौसेनं भिंतीवर तीन रकाने आखले होते: 'करायचं', 'चालू' आणि 'झालं'. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. पण कुठलंही काम थांबलेलं त्यांना बघवेना, त्यामुळे एकूण एक्केचाळीस चिठ्ठ्या 'चालू'मध्ये दाटीवाटीनं बसल्या होत्या. 'झालं'च्या रकान्यात एक पाल राहायची.

बुधवारी सकाळी बघतात तर भिंत लख्ख! 'चालू'मध्ये फक्त चार चिठ्ठ्या, चिकटपट्टीनं नीट डकवलेल्या.

"बाकीच्या कुठायत?" घाईराव किंचाळले.

"सफाईच्या मावशींनी भिंत पुसली वाटतं, सर," टीममधली सगळ्यात जुनी प्रोग्रामर म्हणाली. "त्या बहिणीकडे गेल्यात. शुक्रवारी येतील. फोन बंद आहे."

घाईरावांनी कचऱ्याचे डबे उलटेपालटे केले. मग सगळ्यांना कामं आठवायला बसवलं. तासाभरात नऊ आठवली. त्यातली तीन एकच निघाली.

"सर, आठवत बसण्यापेक्षा या चार करू या का?"

"चौघांत चारच? अगं, लोक काय म्हणतील!"

पण करणार काय? अडला हरी! चौघं त्या चार चिठ्ठ्यांना भिडले. हातातलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला कुणी हात लावेना, कारण दुसरं नव्हतंच. बुधवारी दुपारी पहिली चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली आणि टीमनं टाळ्या वाजवल्या. पाल घाबरून खिडकीबाहेर पळाली. गुरुवारी आणखी दोन गेल्या. त्या दिवशी चौघं जेवताना नुसते जेवले, कुणाच्या मांडीवर लॅपटॉप नव्हता.

शुक्रवारी दोनला चौथी गेली आणि लगेच गिऱ्हाइकाचा फोन आला. घाईरावांनी आधी घड्याळ पाहिलं. आता हा सदतीस कामांचा हिशेब मागणार, आणि कोंबडा आपल्याविना आरवणार.

"साहेब, चारच गोष्टी झाल्यात हो..."

"अहो, आम्ही चारच मागितल्या होत्या! बाकीचं तुम्हालाच सुचत होतं. बोलू दिलंत कधी?"

घाईराव फोन हातात धरून उभे असतानाच मावशी आल्या आणि कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. "हे घ्या तुमचे कागद. भिंत पुसताना पडले. चिकटपट्टी चारांनाच पुरली."

"पण नेमके हेच चार कसे निवडलेत?"

"सगळ्यात मळके होते. म्हटलं, बिचारे केव्हाचे ताटकळलेत, आधी यांना लावू."

घाईरावांनी डबा दोन्ही हातांनी जपून पुन्हा कपाटावर ठेवला आणि मावशींना चक्क नमस्कार केला.

साडेचारलाच ते शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत हजर होते. बायकोनं दोनदा डोळे चोळून पाहिलं. खुर्ची मऊ होती, फोन गप्प होता, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच डोक्यात काहीही चालू नव्हतं. पडदा वर गेला तेव्हा घाईराव घोरत होते.

शेवटी कोंबडा आला, आरवला आणि रंगमंचावरचं अख्खं गाव उठलं. पहिल्या रांगेतला एक माणूस तेवढा उठेना. कोंबड्यानं कमरेवर पंख ठेवून बाबाकडे पाहिलं, तुरा सावरत पायऱ्या उतरला आणि थेट कानाशी आरवला.

घाईराव ताडकन उभे राहिले. "देतो! अर्ध्या तासात देतो!"

सभागृह हसून हसून लोळलं. घरी जाताना कोंबडा बाबाच्या खांद्यावर बसून सगळ्या रस्त्याला सांगत होता, "बाकीचे खोटं खोटं झोपले होते! खरं फक्त माझ्या बाबालाच उठवलं मी!"